माल आधी मोजा, गाडी मग बघा

आमची बेकरी साताऱ्यात. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई आणि पहाटेचा लादीपाव. दुकानात विकला जातो त्याहून जास्त माल बाहेर जातो. कोरेगाव, रहिमतपूर, मेढा, वाई, पाचगणी आणि सीझनला महाबळेश्वर. सासऱ्यांच्या काळात हे सगळं एका मारुती व्हॅनवर चालायचं. १९८४ साली आलेल्या त्या गाडीला पुढे कंपनीने ओम्नी हे नाव दिलं, पण आमच्या घरात ती शेवटपर्यंत व्हॅनच राहिली. इंजिन मारुती ८०० चंच, ७९६ सीसीचं. त्याच गाडीने पाव पोचवला, नणंदेची पाठवणी केली, आजेसासूंना दवाखान्यात नेलं. २०१९ मध्ये अपघातसुरक्षेचे नवे नियम आले आणि ओम्नीचं उत्पादन थांबलं. नवी गाडी बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण वही माझ्याकडे असते आणि कोरेगावची सकाळची फेरी मीच मारते.

तेव्हापासून माहेरी, सासरी, बचत गटात कोणीही छोटी मालगाडी घ्यायला निघालं की एकदा आमच्या काउंटरवर येऊन जातं. आल्याबरोबर प्रश्न ठरलेला. "वहिनी, ॲव्हरेज काय देते?" मी म्हणते, बसा, चहा घ्या, ॲव्हरेजचं शेवटी बघू.

१. तुमचा माल जागा खातो की वजन खातो?

खारी जागा खाते. आमची गाडी छतापर्यंत भरली तरी मागची चाकं दबत नाहीत. धाकट्या दिरांचा लाकडी घाणा आहे, त्यांचं नेमकं उलटं. तेलाचा डबा १५ किलोचा. ४० डबे ठेवले की नुसतं तेलच ६०० किलो झालं, आणि गाडीत बघावं तर निम्मी जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेकडे बघून माणसाचा हात शिवशिवतो. अजून दहा डबे बसतील की! बसतात, पण गाडीने ते ओढायचे नसतात.

शोरूममध्ये सांगतात ते आकडे ऐकावेत, पण आरसीवर दोन आकडे छापलेले असतात ते स्वतः वाचावेत. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं मालासकट एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरतं तेवढंच तुमचं. त्यातूनच चालवणाऱ्याचं आणि सोबतच्या पोराचं वजन जातं, हे कोणी लक्षात घेत नाही. दोन माणसं म्हणजे तेलाचे आठ-नऊ डबे कमी. जास्त भरून पकडलं गेलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवून घ्यावा लागतो. रस्त्याच्या कडेला तेलाचे डबे उतरवून दुसऱ्या गाडीची वाट बघत बसणं काय असतं, ते भाऊजींच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

भाऊजींनी उघड्या हौद्याची गाडी घेतली. २००५ मध्ये टाटांनी एस आणली, तेव्हा तिचं इंजिन ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं डिझेल होतं. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं आणि आता कोणत्याही कंपनीची तेवढी गाडी दिसली तरी आमच्याकडे तिला छोटा हत्तीच म्हणतात. तेल, सिमेंट, फरशी, भाजीची पोती यांना तीच बरी. फाळका पाडला की तिन्ही बाजूंनी माल घेता येतो आणि हमाल खूश असतो. खारीला मात्र उघडा हौदा चालत नाही. ताडपत्री कितीही घट्ट बांधा, साताऱ्याचा जुलै कुठून तरी आत येतोच, आणि नरम पडलेली खारी दुकानदार परत पाठवतो. म्हणून आमच्यासाठी बंद व्हॅन.

जागा मोजायची आमची पद्धत साधी आहे. गाडीच्या आतली लांबी-रुंदी टेपने घ्यायची. मागच्या चाकांचे उंचवटे आत येतात तिथली रुंदी वेगळी घ्यायची. मग बेकरीच्या फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखायचा आणि त्यात आपलेच क्रेट रचायचे. माहितीपत्रकात लिटरमध्ये दिलेली जागा पाण्यासाठी ठीक आहे, क्रेट काही पाण्यासारखे कोपऱ्यात शिरत नाहीत. आम्ही एक गाडी निव्वळ या खडूमुळे सोडली. दोन उंचवट्यांच्या मधे आमचा क्रेट आडवा बसत नव्हता. बोटभर कमी पडत होतं, पण रोज पहाटे ते बोटभरच आड आलं असतं.

२. नंबर प्लेट कोणत्या रंगाची, हा प्रश्न गाडीच्या रंगाच्या आधी.

सगळ्यांच्या मनात एकच स्वप्न असतं. सकाळी माल टाकायचा, रविवारी सीट लावून पोरांना घेऊन पाचगणीला जायचं. एकाच गाडीत दोन्ही. जागेच्या दृष्टीने हे सहज जमतं. २०१० मध्ये आलेली ईको पाच सीटांचीही मिळते आणि मालासाठी फक्त दोन सीटांचीही. बाहेरून दोन्ही सारख्याच, लांबी पावणेचार मीटरच्या आत. त्यामुळे लोकांना वाटतं, पाच सीटांची घ्यायची, मागचं सीट काढून ठेवायचं, झालं काम.

हे काम कागदावर अडतं. मोटार वाहन कायद्यात मालवाहू गाडीची जी व्याख्या आहे तिच्यात मालासाठी बनवलेली गाडी तर येतेच, पण तशी न बनवलेली गाडीसुद्धा माल नेण्यासाठी वापरली की येते. म्हणजे पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीत तुम्ही रोज धंद्याचा माल टाकलात तर कायद्याच्या नजरेत ती त्या वेळी मालगाडी आहे, आणि तुमचा विमा मात्र खासगी मोटारीचा. पोलिसाने सोडलं तरी एखाद दिवशी धडक झाली की विमा कंपनीचा माणूस फोटोत क्रेट बघणार. त्याचं पहिलं लक्ष तिकडेच जातं.

आता उलट बाजू. मालगाडीच्या पिवळ्या प्लेटचा खर्च किती? लोक घाबरतात त्याहून थोडा कमी आणि शोरूमवाले सांगतात त्याहून थोडा जास्त. एकूण वजन ३ हजार किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. लायसन्सला वेगळा बिल्ला लागत नाही. हलक्या मोटारीचं लायसन्स साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीलाही चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. माझं लायसन्स कारचंच आहे आणि मी त्यावरच फेरी मारते. पासिंग मात्र आलं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. त्या दिवशी गाडी घरी नाही असं धरून माल आदल्या दिवशी लावायचा.

खरा फरक विम्यात आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये होता. साडेसात हजार किलोच्या आतल्या, भाड्याने माल नेणाऱ्या गाडीचा १६,०४९. जवळजवळ पाचपट. पण याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे, ती एजंट आपणहून दाखवत नाहीत. फक्त स्वतःचाच माल नेणारी गाडी असेल तर दर ८,५१० होता. अर्ज भरताना भाड्याने की स्वतःसाठी, हे नीट विचारून लिहून घ्या. आणि स्वतःसाठी लिहिल्यावर शेजाऱ्याचं फर्निचर पैसे घेऊन हलवायला जाऊ नका. शेजाऱ्याला राग येईल, येऊ दे.

आणखी दोन बारीक गोष्टी. मालगाडीला वेगाचं नियंत्रण बसवलेलं असतं, ८० च्या पुढे ती जात नाही. पुण्याच्या हायवेला सगळे तुम्हाला मागे टाकून जाणार, मन घट्ट करायचं. दुसरं म्हणजे १५ ऑगस्ट २०२५ ला ३ हजारांत सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी आहे. पिवळ्या प्लेटला तो मिळत नाही. आमच्यासारख्यांना आनेवाडी आणि खेड शिवापूरचे टोलनाके ओलांडायचे प्रसंग कमी, म्हणून फरक पडला नाही. ज्याला आठवड्यातून दोनदा पुण्याच्या मार्केट यार्डला जायचं आहे त्याने हा हिशेब मांडून बघावा.

माझं मत विचाराल तर माल रोजचा असेल तर पिवळी प्लेटच. कुटुंबासाठी आमच्याकडे जुनी छोटी कार आहे, आणि पाचहून जास्त माणसं असली की एसटी. महिन्यातून चार-दोन वेळाच सामान न्यायचं असेल, तर गाडी पांढऱ्या प्लेटचीच घ्यावी आणि त्या दिवसापुरता कोणाचा तरी टेम्पो सांगावा. दोन्ही कामं एकाच गाडीवर ढकलणाऱ्यांची गाडी मी बघितली आहे. मागचं सीट कायम गच्चीवर उन्हात पडलेलं.

३. क्रेट कोण उचलणार आहे, त्याला सोबत न्या.

पुरुष गाडी बघायला गेले की बॉनेट शोधतात. या व्हॅनला ते नसतंच म्हणा, इंजिन पुढच्या सीटखाली. मी मागचं दार उघडते आणि तिथे उभी राहते. माल ठेवायच्या तळाची कड माझ्या कमरेपर्यंत येते की वर जाते? वर जात असेल तर प्रत्येक क्रेट छातीपर्यंत उचलावा लागणार. एका फेरीत ते जाणवत नाही. आमच्याकडे माल भरणाऱ्या दोघी बायका आहेत, त्यांनाही मी शोरूमला घेऊन गेले होते. त्यांनी रिकामे क्रेट आत-बाहेर करून बघितले आणि कोणती गाडी नको ते पाच मिनिटांत सांगितलं.

सरकत्या दाराचं मोल मोती चौकात कळतं. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी मोटारसायकल. तिथे बाहेर उघडणारं दार अर्ध्यावर अडतं, सरकतं दार मात्र भिंतीलगतही पूर्ण उघडतं. एकच काळजी घ्यायची. खालच्या पट्टीत पिठाचा भुगा आणि चिखल साचतो आणि दार ओढताना दम लागतो. आठवड्याला ब्रशने झाडून काढायचं. मागचं वर उचललं जाणारं दार पावसाळ्यात छत्रीचं काम करतं. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहीत नाहीत.

४. शोरूममध्ये रिकामी गाडी चालवून काहीच कळत नाही.

"मॅडम, साहेब कधी येतील?" असं मला एका शोरूममध्ये विचारलं होतं. मी सांगितलं, साहेब भट्टीवर आहेत, गाडी मी चालवणार आहे. मग तिथल्या मुलाने चावी दिली, पण बोलला सगळं सोबत आलेल्या आमच्या मिस्त्रींशी. मिस्त्री बिचारे प्रत्येक उत्तर माझ्याकडे बघून देत होते.

मी त्याला म्हटलं, पिठाची पोती टाकून चालवायची आहे. त्याला ते आवडलं नाही, पण मॅनेजरने परवानगी दिली. ५० किलोची पोती चढवली आणि गाडी बोगद्याच्या चढाकडे घेतली. रिकामी असताना पळणारी गाडी चढाला दुसऱ्या गिअरमध्ये कशी श्वास टाकते, ब्रेक किती आधी दाबावा लागतो, स्टिअरिंग हलकं होतं का, हे तेव्हा कळलं. आणखी एक कळलं. इंजिन बुडाखाली असल्यामुळे अर्ध्या तासाने सीट गरम होते. डिसेंबरात बरं वाटतं. मेमध्ये दुपारच्या फेरीला काय होईल त्याचा विचार करून मी दुपारची फेरीच बंद केली आणि पहाटे दोन फेऱ्या मारायला सुरुवात केली.

कुठल्याही डीलरने लोड टाकून चालवायला नकार दिला, तर तीच गाडी वापरणारा दुसरा कोणी गावात शोधा. दूधवाला, कुरिअरवाला, पाण्याचे जार पोचवणारा. त्यांच्याबरोबर एक फेरी करा. त्यांची तक्रार ऐका, आणि ती गाडीची आहे की रस्त्याची ते आपण ठरवा.

५. सीएनजी स्वस्त आहे, पण ते आपली जागा घेऊन येतं.

सिलिंडर लोखंडाचा, जड, आणि गाडीवरच बसणार. मारुतीच्या सुपर कॅरी या छोट्या ट्रकचे आकडे यासाठी बघण्यासारखे आहेत. पेट्रोलवर ७४० किलो माल, सीएनजीवर ६२५. गाडी तीच, ११५ किलो गेले. भाऊजींना यात साताठ डब्यांचं नुकसान दिसलं, मला काहीच दिसलं नाही. कारण पुन्हा तेच, खारीला वजन नाही. मला सिलिंडरने अडवलेली जागा सलते. म्हणून खडूचा चौकोन आखताना सीएनजी गाडीचा वेगळा आखला.

ताकदही कमी होते. ईकोचं १.२ लिटरचं इंजिन पेट्रोलवर साधारण ८१ पीएस देतं, सीएनजी मॉडेलमध्ये गॅसवर साधारण ७२. सपाटीला हे कोणाला कळणार नाही. पसरणी घाटात कळतं. सीझनचा माल घेऊन पाचगणीला चढताना आम्ही वाईला पेट्रोलचं बटण दाबतो आणि वर गेल्यावर परत गॅसवर घेतो.

कंपनी सांगते ते मायलेज पेट्रोलला लिटरमागे १९.७१ आणि सीएनजीला किलोमागे २६.७८. हे आकडे पाच सीटांच्या गाडीचे आणि चाचणीतले आहेत. दर दुकानाशी थांबणाऱ्या, गाडी बंद-चालू करणाऱ्या फेरीला ते मिळत नाहीत, आणि मिळाले नाहीत म्हणून गाडी खराब नसते. सीएनजीच्या गाडीला लाखाच्या आसपास जास्त मोजावे लागतात. ते पैसे किती महिन्यांत सुटतात, हे तुमच्या महिन्याच्या किलोमीटरवर आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटरच जाणाऱ्याने पेट्रोल घ्यावं आणि पंपावरची रांग वाचवावी. शंभराच्या घरात जाणाऱ्याला विचार करायचं कारण नाही. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, तिची तारीख मी विम्याच्या तारखेशेजारी भिंतीवर लिहून ठेवली आहे.

६. घाट उतरताना गाडी वेगळी असते.

आमच्या नव्या व्हॅनला ओढ मागच्या चाकांची. माल भरलेला असला की मागची चाकं रस्त्याला धरून असतात आणि चढाला गाडी छान लागते. माल टाकून रिकामी परत येताना, तेही महाबळेश्वरच्या पावसात, मागचा भाग हलका होतो. वळणावर ॲक्सिलरेटर जोरात दिला तर शेपूट बाजूला जाते. म्हणून रिकामे क्रेट आम्ही परत आणतोच, पण ते पुढे न रचता मागच्या चाकांवर रचतो. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवायची, चढताना जो गिअर लागला तोच उतरताना. न्यूट्रलवर उतरवून पेट्रोल वाचवणाऱ्याला मी चावी देत नाही, मग तो नात्यातला का असेना.

टायरची हवा भरलेल्या गाडीला वेगळी आणि रिकाम्या गाडीला वेगळी असते. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात लिहिलेला असतो. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच हवा भरतो.

७. जीएसटीचा मुद्दा सीएला विचारा, पण विचारायचं काय ते आधी माहीत असू द्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारी आणि मालगाड्या दोन्ही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या. म्हणून लोक म्हणतात, आता काय फरक? फरक परताव्यात आहे. माणसं नेणाऱ्या छोट्या गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट सर्वसाधारण धंद्याला मिळत नाही. मालगाडीवर मिळतं. म्हणजे दिसायला सारख्याच दोन व्हॅन, पण एकीचे १८ टक्के वहीत परत येतात आणि दुसरीचे गेले ते गेले. कंपोझिशनमध्ये असाल तर हा आनंद नाही, तिथे क्रेडिटच नसतं. आणि क्रेडिट घेतलं तर त्या कराच्या रकमेवर घसारा धरता येत नाही. बिल धंद्याच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकून घ्या. शोरूमवाला बिल एकदा स्वतःच्या सवयीने बनवून बसला की बदलायला चार हेलपाटे.

८. पाठीमागे सतरंजी टाकून कोणालाही बसवू नका.

पालच्या खंडोबाची यात्रा आली की हा विषय निघतो. "एवढी मोठी गाडी रिकामी जाणार, आम्ही मागे बसतो की." सासूबाईसुद्धा म्हणाल्या होत्या. आमच्याकडे टेम्पोत बसून देवाला जाणं नवीन नाही, निम्म्या तालुक्याने तसाच नवस फेडला आहे. पण मालगाडीच्या विम्यात मागे बसलेला पाहुणा नसतो. मालाबरोबर आलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असतो, बाकी कोणी नाही. आईंना मी हे कायद्याने सांगितलं नाही. म्हटलं, आई, मागे बसायला सीट नाही, धरायला दांडी नाही, आणि ब्रेक लागला तर क्रेटबरोबर तुम्ही पण पुढे याल. त्या एसटीने गेल्या.

सुरक्षेचं एक नीट वाचून घ्यायला हवं. पुढच्या दोन एअरबॅगची सक्ती आहे ती प्रवासी गाड्यांना. त्याच नावाच्या मालगाडीत त्या असतीलच असं धरून चालू नका, मालवाहू मॉडेलचं माहितीपत्रक वेगळं मागा. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने त्या वेळच्या, एअरबॅग नसलेल्या ईकोची धडक चाचणी घेतली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. त्यानंतर गाडीत बदल झाले आहेत. पण या जातीच्या गाडीत पुढच्या काचेपासून गुडघ्यापर्यंत अंतर कमीच असतं, ते कुठल्याही बदलाने वाढत नाही. म्हणून समोरच्या गाडीपासून अंतर आपण वाढवायचं. चालवणाऱ्याच्या पाठीमागचं पार्टिशन कधी काढू नका. "जागा वाढेल" म्हणून काढून देणारे भेटतात.

९. जुनी घेणार असाल तर तिचा आधीचा धंदा विचारा.

किती किलोमीटर झाले यापेक्षा तिने काय वाहिलं हे महत्त्वाचं. पाण्याचे जार वाहिलेली गाडी वरून चकचकीत असते आणि मॅट उचललं की तळाला भोकं. मासळीची गाडी असेल तर वास जातो असं सांगतात, जात नाही. खारीत तो पहिल्याच दिवशी उतरेल. कोकणातून आलेल्या गाडीच्या चेसिसला खालून गंज बघा. शाळेची व्हॅन असेल तर सरकत्या दाराचे रोलर झिजलेले असतात, पण इंजिन बहुधा बरं असतं, कारण पोरांना घेऊन कोणी पळवत नाही. सीएनजी बाहेरून बसवलेला असेल तर तो आरसीवर चढवलाय का ते बघा. बँकेचा बोजा उतरलाय का, पासिंग कधी संपतंय, चलनं किती बाकी आहेत, हे मोबाईलवर दिसतं. गाडी बघायला जाताना मिस्त्री न्या आणि पैसे नेऊ नका. खिशात पैसे असले की माणसाला गंज दिसत नाही.

१०. इलेक्ट्रिकचं काय?

हल्ली हे तरुण पोरं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. टाटांनी २०२२ मध्ये एस ईव्ही आणली. २१.३ किलोवॅट-तासाची बॅटरी, प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. भरलेल्या गाडीला, थांबत-थांबत जाताना त्यातलं किती हाती लागेल ते आपल्या रस्त्यावर बघायला हवं. आमच्या पावाच्या फेरीला ही जात उत्तम. पहाटे ठरलेल्या गल्ल्या, दहा वाजता गाडी दारात, मग दिवसभर चार्जिंगला मोकळी. उतारावर ब्रेक लावला की थोडी वीज परत बॅटरीत जाते, म्हणजे पाचगणीहून उतरताना काही मिळेल. पण चढताना खर्च होणार ते त्याहून जास्त, आणि सीझनला एकाच दिवसात वर दोनदा जावं लागतं. चार्जरसाठी बेकरीचा वीजभार वाढवून घ्यावा लागेल. भट्टीचे मिक्सर, शीतकपाट आणि गाडी एकदम चालू झाल्यावर काय होतं, ते वायरमनने येऊन मोजायचं आहे. त्याला दिवाळीनंतर बोलावलंय, दिवाळीच्या आधी बेकरीत कोणी उभं राहू शकत नाही.